उठवायची डिग्री

डॉ. इंदुमती साळवे यांनी मला पहिल्या भेटीतच बेशुद्ध केलं. त्यांचं कामच ते होतं. पलासियातल्या एका नर्सिंग होममध्ये माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. मी टेबलावर आडवा, अंगात तो हिरवा झगा, ज्याच्या नाड्या पुढून बांधायच्या की मागून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात डोक्याच्या बाजूने एक बाई वाकल्या. मला त्यांचा चेहरा उलटा दिसत होता. जाड भिंगांचा चष्मा, गोल गाल, आणि लग्नघरात शिरताना असतो तसला आनंद.

"नाव शरद ना? बरं शरद, एक सांग. सराफ्यात गेलास की सुरुवात कुठून करतोस?"

सराफा म्हणजे आमच्या इंदूरची ती गल्ली, जी दिवसा सोनं विकते आणि दुकानं बंद झाली की खायला घालते. ऑपरेशनच्या टेबलावर हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं, पण उत्तर तयार होतं.

"भुट्ट्याच्या किसापासून."

"शाब्बास. मग?"

"मग गराडू."

"गराडूनंतर?"

यानंतरचं मला आठवतं ते वॉर्डचं छत. तोंडाला कोरड पडली होती आणि तोच चेहरा, या वेळी सुलटा, माझ्यावर वाकला होता. "गराडूनंतर काय म्हणालास?" त्यांनी विचारलं. "जलेबी," मी म्हणालो. "आला परत," असं नर्सला सांगून बाई निघून गेल्या.

भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी लक्षात ठेवत नाही, ही त्या मंडळींची नेहमीची तक्रार. पेशंट पेढे देतो सर्जनला. साळवेबाईंचं मात्र उलटं होतं. अर्धं इंदूर त्यांच्या हातून झोपून उठलेलं होतं आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण सराफ्यात कुठपर्यंत पोचलो होतो ते पाठ होतं. बहुतेकांची मजल तिसऱ्या दुकानापर्यंत. मल्हारगंजातला एक हलवाई पाचव्या दुकानापर्यंत गेला होता. त्याच्याबद्दल बाई पुढे कित्येक वर्षं आदराने बोलत.

माझं मेडिकल स्टोअर मल्हारगंजातच. आमचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते असं वडील सांगायचे. मी गोळ्यांचाच धंदा करतो, पण खोकल्याच्या. बाई सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर चार-पाच नर्सिंग होममध्ये भूल द्यायला जात आणि आपलं सामान माझ्याकडून नेत. मोपेडवर पायांमध्ये एक पत्र्याची पेटी ठेवून त्या यायच्या, काउंटरसमोरच्या स्टुलावर बसायच्या आणि चहा येईपर्यंत रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचे श्वास मोजायच्या.

ही त्यांची जित्याची खोड. लग्नात, बँकेच्या रांगेत, कुणाकडे सांत्वनाला गेल्या तरी नजर समोरच्याच्या छातीवर. त्यावरून घोटाळे होत. एका लग्नात नवरदेवाच्या मामाने चिडून विचारलं, "काय बघता सारखं?" बाई म्हणाल्या, "तुमचा श्वास वरच्या वर आहे. सिगारेट सोडा." मामांनी सिगारेट सोडली की नाही ते कळलं नाही, पण पंगत उठेपर्यंत ते पोट आत घेऊन बसले होते.

त्यांच्यासमोर डुलकी घेणं तर फारच धोक्याचं. माणूस झोपलाय की बेशुद्ध आहे हे ओळखायची एक डॉक्टरी रीत आहे: मूठ वळून बोटांची पेरं छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासायची. झोपलेला ओरडून उठतो. बाईंनी हा प्रयोग माझ्या सासऱ्यांवर भर दिवाळीत, गाण्याच्या मैफिलीत केला. सासरे झोपले नव्हते, डोळे मिटून दाद देत होते, असं ते शेवटपर्यंत सांगत. बाईंना त्याची काही खंत नव्हती.

"झोपवायला काय लागतं रे शरद? आमचे भूगोलाचे सर अख्खी क्लास झोपवायचे. डिग्री लागते ती उठवायला."

बाई मूळच्या महूच्या. वडील पलटणीत सुभेदार. घरात पाच भावंडं, आणि सकाळी सगळ्यांनी अंगणात रांगेने उभं राहून नखं आणि दात दाखवायचे असा रिवाज. त्यातली ही मधली मुलगी डॉक्टर झाली, तेव्हा सुभेदारांनी गणवेश चढवून, मेडल लावून तिला कॉलेजच्या दारात सोडलं होतं. ही गोष्ट सांगून झाली की बाई लगेच सेव मागायच्या. सेव त्यांना कशावरही चालायची. दहीभातावर, उपम्यावर, एकदा तर मी त्यांना शिऱ्यावर घालताना पाहिलंय. चौदा एप्रिलच्या जयंतीला बाई दरवर्षी ओळखीतल्या चार जणांना गाडीत कोंबून महूला नेत आणि येताना प्रत्येकाला वडिलांची गोष्ट पुन्हा सांगत. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं. "जो आवडला तो घोरायचा," म्हणाल्या.

त्या वर्षांमध्ये इंदूरच्या मिल एकेक करून बंद पडत होत्या. इकडे पलासियात रोज नवी पाटी लागत होती: कॉम्प्युटर क्लास, केबल, परदेशी बुटांचं शोरूम. तिकडे पाटनीपुऱ्यात धडधाकट माणसं भर सकाळी ओट्यावर बसलेली दिसायची. मागावर उभं राहून राहून ज्यांचे पाय बसायचं विसरले होते, अशी माणसं. रिकाम्या हातांपर्यंत ब्राउन शुगर पोचायला वेळ लागला नाही. आमच्या भागात तिला नुसतं 'पावडर' म्हणत.

एके दिवशी बाई सरकारी रुग्णालयात कुणा जुन्या मैत्रिणीला भेटायला गेल्या होत्या. पायांशी पेटी होतीच. तेवढ्यात रिक्षातून एक मिल कामगार आणला. ओठ निळे, श्वास जवळजवळ नाहीच. बाईंनी पेटीतून नालोक्झोनची काचेची कुपी काढली. अफूच्या जातीची औषधं अंगात जास्त झाली की श्वास मंदावत जाऊन बंद पडतो. नालोक्झोन तो परत आणतं. भूलवाले ते म्हणूनच जवळ ठेवतात. सुई दिल्यावर दोन-तीन मिनिटांत तो माणूस उठून बसला आणि विचारू लागला, माझी दुसरी चप्पल कुठंय. बाई आनंदाने अर्ध्या वेड्या झाल्या. माझ्या दुकानात येऊन त्यांनी ही चपलेची गोष्ट तीनदा सांगितली.

पुढच्या आठवड्यात तसाच दुसरा आला. त्याला आणायला उशीर झाला होता. शेजाऱ्यांनी आधी दार लावून घेतलं होतं, पोलीस येतील म्हणून. त्याची बायको स्ट्रेचरपाशी उभी राहून त्याच्या शर्टाची बटणं लावत होती, वरची, मग खालची. त्या दिवशी बाईंनी माझ्याकडे चहा घेतला नाही.

"दवा माझ्या पेटीत आणि आदमी पाटनीपुऱ्यात," त्या म्हणाल्या. "असं कसं चालेल शरद?"

कमल आमच्या गोष्टीत आली ती याच सुमाराला. बंद मिलच्या गेटसमोर तिची पोह्याची गाडी होती. तिचा नवरा दत्तू चांगला कारागीर, मिल बंद झाल्यावर वर्षभरात पावडरीला लागला आणि आता राऊच्या पुढे एका व्यसनमुक्ती केंद्रात होता. गुढीपाडव्याला घरी यायचा होता. कमल खुशीत होती. नवीन चादर आणली होती. बाई पोहे खायला म्हणून तिच्या गाडीवर गेल्या आणि तिला खरं काय ते सांगून आल्या. नशा सुटलेल्या माणसाच्या शरीराला पावडरीची सवय राहिलेली नसते, पण मन जुनंच माप लक्षात ठेवतं. एकदा जरी पाय घसरला आणि त्याने पूर्वीएवढी घेतली, तर तेवढीच त्याला मारायला पुरेशी आहे. बरा होऊन घरी आलेल्याला पहिले काही महिने जास्त जपावं लागतं.

कमल दुसऱ्या दिवशी बाईंच्या मागे मोपेडवर बसून माझ्या दुकानात आली.

"शरदभिया, ती सुई मला देऊन ठेवा," ती म्हणाली. "बाई लिहून देतात."

मी दिली नाही. देता येत नव्हती. ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, चिठ्ठी पेशंटच्या नावाची हवी, आणि सुई टोचायची तर डॉक्टरने नाहीतर नर्सने. पेशंट कुठंय? राऊला, ठणठणीत. म्हणजे ज्याला सुई लागणार तो त्या वेळी दुकानात येऊ शकणार नाही, आणि जी दुकानात आली आहे तिला काही झालेलं नाही. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. सांगता सांगता मलाच ते चमत्कारिक वाटायला लागलं.

"बरोबर बोलतोय तो," बाई कमलला म्हणाल्या. "गलती कायद्याची आहे. चल, त्यालाच भेटून येऊ."

कायदा आरोग्य खात्याच्या एका कचेरीत पहिल्या मजल्यावर बसायचा आणि त्याचं नाव तिवारीजी होतं. बारीक मिशा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, टेबलाच्या काचेखाली तीन देवांचे फोटो. माणूस वाईट नव्हता. फक्त सहीच्या आधी त्याला अशा सगळ्या गोष्टी दिसायच्या ज्या सहीनंतर घडू शकतात. औषधवाला म्हणून बाई मला सोबत न्यायच्या, त्यामुळे मी हे संवाद पुष्कळदा ऐकले आहेत.

"मेडम, जिसको दवा चाहिए उसको ले आइए."

"वो बेहोश होगा, तिवारीजी."

"तो होश में आने के बाद ले आइए."

यावर बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना हसू दाबायचं असलं की त्या चष्मा पुसत.

दुसऱ्या फेरीला तिवारीजी म्हणाले, "पोहेवाली इंजेक्शन लगाएगी? कल को हलवाई टाँके लगाएगा." तिसऱ्या फेरीला त्यांची खरी शंका बाहेर आली. "मान लो, गलत आदमी को लग गई तो? कोई दारू पीके पड़ा है, किसी को मिर्गी आई है, और आपकी पोहेवाली ने ठोक दी सुई. वो मर गया तो?"

"कुछ नहीं होगा. जिसके बदन में अफीम नहीं, उस पर ये दवा पानी है. ताला ही नहीं तो चाबी क्या खोलेगी?"

"आप बोल रही हैं. मैं कागज पे कैसे लिखूँ?"

बाई दर आठवड्याला जात राहिल्या. जाताना कचोऱ्या नेत, येताना नकार आणत. मी वैतागलो होतो. त्या वैतागत नव्हत्या, हेच मला कळत नव्हतं. एकदा मी तसं म्हटलंही. "अरे, सुभेदाराची पोरगी आहे मी," बाई म्हणाल्या. "चौकीवर उभं राहायचं ट्रेनिंग लहानपणीच झालंय."

इकडे परवानगी यायच्या आतच त्यांनी शिकवणी सुरू केली. कमलच्या गाडीमागे, मिलच्या भिंतीच्या सावलीत, गल्लीतल्या सात-आठ बाया सतरंजीवर बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर सुई टोचायच्या सरावाला एक दुधी. दुधीला आम्ही सगळे लौकीच म्हणतो. बाई सुभेदारी आवाजात हुकूम सोडत आणि बाया एकसुरात तो परत म्हणत. हाक मार. हाड घास. मान मागे. तोंडात फुंकर. मग सुई. सुईनंतर पुन्हा फुंकर, आणि गाडी बोलव. कारण औषधाचा असर तासाभरात उतरतो आणि पावडर अंगात तशीच असते, म्हणून उठलेल्या माणसालाही दवाखान्यात न्यायचंच. हे शेवटचं बाई इतक्यांदा सांगत की रस्त्याने जाणारे सायकलवाले ते म्हणत जायचे.

त्या लौक्यांचं पुढे काय व्हायचं? कमल त्यांचे कोफ्ते करायची. सुयांनी आत पाणीच पाणी भरलेलं, त्यामुळे कोफ्ते कढईत फुटत. बाई ते मिटक्या मारत खायच्या, वरून सेव घालून.

होळी आली, गेली. पाडवा दहा-बारा दिवसांवर होता आणि फाइल जागची हलली नव्हती. कमल आता पोहे देताना हिशेब चुकायला लागली होती. मग रंगपंचमी उजाडली.

रंगपंचमीला इंदुरात गेर निघते. रंगाचे टँकर, तोफेसारखे उडणारे गुलालाचे फवारे, आणि त्यात चिंब झालेलं सगळं शहर. गेर माझ्या दुकानावरून जाते म्हणून ओटा पाहुण्यांनी भरलेला असतो. बाई दरवर्षी येत, प्लास्टिकचा रेनकोट आणि ऑपरेशनची टोपी घालून. कुणी पडतं, कुणाच्या डोळ्यात रंग जातो, म्हणून पेटी बरोबर. त्या वर्षी कमललाही त्यांनी बोलावलं होतं, जरा मन रमेल म्हणून.

गर्दीतून एक माणूस डुलत आला, माझ्या शटरला टेकला आणि हळूहळू घसरत ओट्यावर आडवा झाला. चेहरा हिरवा-जांभळा, कपडे कुठल्या रंगाचे होते ते देवाला माहीत. बाई आत कुणा मुलीचे डोळे धूत होत्या. कमलने त्याला हाक मारली. उत्तर नाही. छातीचं हाड घासलं. तो हलला नाही. गेरच्या त्या गदारोळात श्वास कुणाला ऐकू येतो? रंगाखाली ओठ कुणाला दिसतात? तिच्या डोळ्यांसमोर दत्तू उभा राहिला असणार. मी "बाई, बाई" करत आत वळलो आणि बाई हात पुसत बाहेर आल्या, तोवर कमलने पेटी उघडून, कुपी फोडून, रंगाने लडबडलेल्या बाहीवरूनच सुई त्या माणसाच्या दंडात खुपसली होती. अगदी शिकवल्याप्रमाणे, नव्वद अंशांत.

बाई गुडघ्यांवर बसल्या. त्याच्या पापण्या वर केल्या, छातीवर हात ठेवला.

"कमल," त्या शांतपणे म्हणाल्या, "याचे डोळे लाल आहेत, बाहुल्या मोठ्या आहेत आणि हा गालात हसतोय. पावडरवाल्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असतात. याने भांग घेतलीय. ठंडाई जादा झाली, बाकी काही नाही."

कमल पांढरीफटक पडली. "आता? मरेल का हा?"

"मरतो कसला. याचा श्वास माझ्यापेक्षा फर्स्टक्लास आहे."

मी त्याच्या तोंडावर पाण्याचा तांब्या ओतला. हिरवा रंग ओघळला, जांभळा ओघळला, आणि खालून बारीक मिशा वर आल्या. तिवारीजी. मी तिथेच ओट्यावर बसलो. माझं लायसन्स काउंटरमागच्या भिंतीवर चौकटीत टांगलेलं आहे. मी वळून एकदा त्याच्याकडे बघून घेतलं.

बाईंना मात्र हसू आवरेना. रेनकोटातून त्यांचं सगळं अंग हलत होतं. हसता हसता त्यांनी तिवारीजींना कुशीवर वळवलं, त्यांचा श्वास मोजला आणि पुन्हा हसायला लागल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांना दुकानातल्या बाकावर निजवून ठेवलं. बाई शेजारून हलल्या नाहीत. मधूनमधून तिवारीजी छतावरच्या पंख्याला "आइए, बैठिए" म्हणत होते.

उन्हं उतरली तेव्हा ते उठून बसले आणि म्हणाले, भूक लागली आहे. मी कचोऱ्या मागवल्या. दोन त्यांच्या पोटात गेल्यावर बाईंनी स्टूल पुढे ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. कुठलं औषध, कुणी टोचलं, कशामुळे. काही लपवलं नाही. "पेटी मेरी थी. जिम्मेदारी मेरी," शेवटी म्हणाल्या. "ये लड़की डर गई थी कि आप मर रहे हैं."

तिवारीजींनी दंड चाचपला. कमल कोपऱ्यात उभी होती. तिचे हात पदराखाली थरथरत होते.

"तुमने लगाई?"

"हौ साहब."

"पता ही नहीं चला," तिवारीजी म्हणाले. त्यांनी तिसरी कचोरी उचलली.

"तिवारीजी," बाई म्हणाल्या, "आपने पूछा था, गलत आदमी को लग गई तो क्या होगा. ये देखिए. गलत आदमी कचोरी खा रहा है."

तिवारीजींचा घास हातातच राहिला. त्यांनी बाईंकडे बघितलं, कचोरीकडे बघितलं, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की चटणी नाकात गेली. बाईंनी त्यांची पाठ थोपटली. कमल पण हसली, रडत रडत.

जाताना पायरीवर थांबून ते म्हणाले, "मेडम, वो भांग की बात..."

"कैसी भांग? धूप थी. चक्कर आ गया."

सोमवारी फाइल हलली आणि पाडव्याच्या दोन दिवस आधी कागद हातात आला. एकच पान. सध्या फक्त मिलच्या भागापुरतं, करून बघायचं म्हणून. शिकवलेल्या नातेवाइकाच्या किंवा शेजाऱ्याच्या नावाने डॉक्टर चिठ्ठी लिहू शकेल, दुकानदार औषध देऊ शकेल, आणि वेळ आली तर ती व्यक्ती सुई देऊ शकेल. खाली आणखी एक ओळ होती, जी बाईंनी मागितलेली नव्हती: सुई देऊन मदत बोलावणाऱ्याला पोलीस ठाण्याचा त्रास होणार नाही. ती तिवारीजींनी आपणहून घातली होती. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, "उस लड़की के हाथ काँप रहे थे, मेडम. मैं कोई शेर तो हूँ नहीं. मुझसे इतना डरती है, तो थाने से कितना डरेगी?" या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला त्याच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या माफ केल्या.

त्या दिवशी मी कमलच्या नावाने बिल फाडलं. धंद्यात मी हजारो बिलं फाडली असतील, पण हे फाडताना वरचं नाव मी दोनदा वाचलं, हे कबूल करतो. कमलने कुपी आणि सुई रुमालात गुंडाळून घरी फळीवर ठेवली, स्टोव्हपासून लांब, हात पोचेल अशी.

दत्तू आला. गालावर मांस चढलेलं, नजर थोडी खाली. कमलच्या गाडीवर प्लेटा धुवायला लागला, मग पोहे परतायला लागला, आणि लोक म्हणायला लागले की त्याच्या हाताला तिच्यापेक्षा चव आहे. महिना गेला. सगळ्यांना वाटलं, झालं, सुटला. मलाही वाटलं. बाई पोहे खायला जायच्या आणि दत्तूशी क्रिकेटवर बोलता बोलता त्याच्या छातीकडे बघत बसायच्या.

बाई पुढे काही वर्षांनी नागपूरला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. स्टेशनवर सोडायला मी गेलो होतो. पण ती भेट मी शेवटची धरत नाही. डबा, हमाल, भाचीच्या सूचना, यात त्या मला नीट दिसल्याच नव्हत्या. मला त्या दिसतात त्या पाटनीपुऱ्यातल्या एका दुपारी.

त्याच वर्षीच्या वैशाखाचं ऊन होतं. बाई माझ्या काउंटरवर उसाचा रस पीत होत्या आणि फोन वाजला. कमलच्या गल्लीतल्या पीसीओवरून कुणी बाई बोलत होती. "डॉक्टरबाई हयत का तिथं? दत्तू पडलाय. त्याचा जुना सोबती आलता." एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

बाईंनी ग्लास ठेवला नाही, टाकला. मी शटर न ओढता त्यांच्यामागे मोपेडवर बसलो. पेटी माझ्या मांडीवर. सिग्नल त्यांनी पाळले नाहीत, एका बैलगाडीच्या डावीकडून मोपेड घातली, आणि मला त्यांच्या पाठीतून त्यांचा श्वास कळत होता, जलद, वरच्या वर.

गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती. बाई मोपेड तशीच टाकून घुसल्या. "सरका, डॉक्टर आहे, सरका," करत त्या घराच्या दारापर्यंत पोचल्या. मी पेटी घेऊन मागे.

दत्तू जमिनीवर, भिंतीला टेकून बसला होता. बसला होता. ओठ अजून राखेच्या रंगाचे, केस पाण्याने भिजलेले, आणि तो सगळ्यांकडे आळीपाळीने बघत "काय झालं, काय झालं" एवढंच विचारत होता. रिकामी कुपी शेजारी पडली होती. कमल त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून, एक हात त्याच्या छातीवर ठेवून, त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून होती. शेजारणीला तिने मान न वळवता विचारलं, "टेम्पो आला का?" शेजारीण म्हणाली, कोपऱ्यावर उभा आहे. "मग त्याला बोलव. उठलाय म्हणून इथं ठेवायचा नाही. असर उतरेल."

बाई दारातून पुढे वाकल्या. त्यांची सावली दत्तूवर पडली.

"कोण आहे ते?" कमल म्हणाली. वर बघितलंही नाही. "मागं व्हा बरं. हवा येऊ द्या त्याला."

बाई मागे झाल्या. एक पाऊल, मग आणखी एक. मागून आलेल्या बायांनी त्यांना आणखी मागे ढकललं. मी पेटी पुढे केली तर त्यांनी मान हलवली, राहू दे म्हणून. गल्लीतल्या उन्हात, लोकांच्या रांगेच्या अगदी शेवटी, त्या उभ्या राहिल्या. बाई बुटक्या होत्या, त्यांना काही दिसत नव्हतं. म्हणून त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, टाचा उंचावल्या, आणि जत्रेत पाळणा बघायला आलेल्या पोरीसारख्या माना चुकवून आत बघत राहिल्या.